पेती राफ्रेची थंडी

जानेवारी उजाडला की मॉरिशसच्या उत्तरेला आमच्या पेती राफ्रे गावात मीठ शिंपडत नाहीत, ओततात. हवेला असा ओलावा सुटतो की बरणीतल्या मिठाचं रातोरात पाणी होतं आणि सकाळी डाळीत घालायचं तर पळी बुडवावी लागते. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली तरी काडी ओढल्यावर पेटत नाही, नुसता उसासा टाकते. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काढावा तर सकाळपेक्षा जड. माझी एक हिरवी साडी दिवाळीला धुतली होती, ती महाशिवरात्रीपर्यंत वाळली नाही. शेवटी पदराला शेवाळ आलं, आणि हिरव्यावर हिरवं म्हणून कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. खोटं वाटत असेल तर सगुणाला विचारा. सगुणा माझ्या बाजूने साक्ष देते. नेहमीच देते. मैत्रीण आणखी कशासाठी करायची असते?

यंदाचा जानेवारीही तसाच आलाय. फ्लांब्वायानची, म्हणजे गुलमोहराची, झाडं लालभडक होऊन उभी आहेत, जणू ऊन त्यांनीच पेटवलंय. ऊस माणसाच्या उंचीला आलाय आणि त्याच्या सऱ्यांमधून वारा फिरकत नाही. दुपारी मी ओसरीवर पंखा घेऊन बसते. पंखा हलवला की घाम येतो, आणि घाम येतो म्हणून पंखा हलवायचा. अशा वेळी डोकं मागे मागे जातं आणि पन्नासच्या दशकातल्या त्या एका मोसमापाशी जाऊन थांबतं. तेव्हा आम्ही तिघी होतो, आमचं पाणी सार्वजनिक नळावर होतं, आणि अंजनीचं लग्न एका शब्दाला टांगलेलं होतं.

त्या नळाला आम्ही फोंतेन म्हणायचो. वाटेच्या वळणावर एक लोखंडी खांब, त्याला एक तोटी, आणि तोटीसमोर गावातल्या सगळ्या बाया. रिकामे तेलाचे डबे रांगेत उभे करायचे आणि आपण जांभळीच्या सावलीत बसायचं. पाणी करंगळीएवढ्या धारेने यायचं. एक डबा भरेस्तोवर एका घराची भांडणं ऐकून संपत, दुसरा भरेस्तोवर ती मिटतही. पहाटे उसाच्या मळ्यात खुरपणी करून आलेल्या, अंगाला चिखल आणि हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे असलेल्या त्या बाया. घरी गेल्यावर गाईला गवत, चुलीला लाकूड, पाट्यावर मसाला, पोरांना भात. मध्ये ही एवढी जांभळीखालची सावली. राजवाड्यात राण्यांना यापेक्षा जास्त सुख असेल असं मला अजूनही वाटत नाही. राण्यांना कुणाकडे गाऱ्हाणं करता येतं?

सगुणा आमच्यात थोरली. तिच्यासारखी बाई बेटावर पुन्हा झाली नाही. एक डबा डोक्यावर, एक कमरेवर आणि तिसऱ्या हातात गवताचा भारा. तिसरा हात कुठून आला ते विचारू नका, मी पाहिलाय. डोक्यावरच्या डब्यातलं पाणी हिंदकळायचं नाही. खाली सगुणा आहे म्हटल्यावर हिंदकळायची पाण्याची छाती नव्हती.

पण ही सगुणा घरात शिरली की मांजर. कारण घरात तिच्या सासूबाई, बायजाकाकू.

बायजाकाकू जन्मल्या इथेच, याच उसात. त्यांची आई मात्र रत्नागिरीकडून जहाजाने आलेली. त्या माउलीने लेकीला मराठी महिने शिकवले आणि प्रत्येक महिन्याबरोबर त्याची हवाही शिकवली. श्रावणात सरी, पौषात थंडी, चैत्रात ऊन. आता मॉरिशसचा जानेवारी म्हणजे पौष, आणि पौष म्हणजे भट्टी. पण बायजाकाकूंच्या घरात महिना मोठा, हवा धाकटी. पौष लागला की त्या पेटीतली गोधडी काढायच्या, अंघोळीला कढत पाणी ठेवायला लावायच्या आणि संध्याकाळी अंगणात शेकोटी. आणि घरात कुणी 'उकडतंय' असं म्हणायचं नाही.

"आपल्या मुलखात या महिन्यात दातावर दात वाजतात," त्या सांगायच्या, आणि कपाळावरचा घाम नाकावरून हनुवटीवर आणि तिथून गोधडीवर पडायचा. "तुमचे वाजत नाय तर तुमच्या दातांचा दोष हाय."

आम्ही हसायचो. आज मला वाटतं, हसलो ते ठीकच, पण त्या बाईला दाद द्यायला हवी होती. जी थंडी तिने कधी अंगावर घेतली नव्हती, ती तिने पन्नास उन्हाळे जपली. आमची माणसं जहाजातून आली तेव्हा बरोबर काय आणलं? तांब्या आणलेला हरवला, पाटा फुटला, गावाच्या नावातली अक्षरं कागदावर लिहिणाऱ्याने वेडीवाकडी केली. थंडी मात्र कुणाच्या हाताला लागली नाही. ती गाठोड्यात बांधलेली नव्हती, म्हणून सुखरूप उतरली.

आपली तोंडसवय जाऊ नये म्हणून सगुणाने फोंतेनवरही तोच नियम लावला. तिथे आम्ही मनमोकळं बोलायचो, पण डोळा मारून. "काय गो, आज थंडी कशी हाय?" "विचारू नको बाय, रात्री थंडीने पोळपाटासारखी सपाट झाले." जी 'उकडतंय' म्हणेल तिने दुसरीचा डबा घरापर्यंत पोचवायचा. मी किती डबे वाहिले असतील! मला बोलायची घाई, जीभ घसरायचीच. सगुणाच्या घरची निम्मी अंघोळ माझ्या डोक्यावरून गेलेली आहे.

आता अंजनी. अंजनी आमच्यात धाकटी, शिवणकाम करणारी. लहानपणापासून एका क्रेओल बाईकडे शिवण शिकायला बसायची, त्यामुळे तिची मराठी कानात होती, तोंडात नव्हती. बरंचसं समजायचं, पण वाक्य मराठीत सुरू करायची आणि बेटावरच्या क्रेओल बोलीत उतरायची. "सगुणा, आज लासालेर एवढी हाय... मो नेपली कापाव!" म्हणजे काय, तर उकाडा असा की आता माझ्याच्यानं होत नाही. हातात मात्र जादू. माझ्या फाटक्या पोलक्याला तिने असं ठिगळ लावलं की लोक ठिगळ पाहून विचारायचे, बाकीचं पोलकं कुठे घेतलं?

अंजनीच्या मनात बेटाच्या दक्षिणेकडच्या रोझ बेल गावचा नारायण होता. गणपतीच्या विसर्जनाला त्याने ढोलकी वाजवली, हिने पाहिली, आणि मग ढोलकी राहिली बाजूला. नारायणच्याही मनात ती होती. अडचण होती नारायणच्या वडिलांची, आत्मारामकाकांची. ते रोझ बेलच्या बैठकीत, म्हणजे गावच्या समाजघरात, संध्याकाळी मुलांना मराठी शिकवायचे. असे कडक की घरातल्या कुत्र्यालाही मराठीत हाकलायचे, आणि कुत्रा क्रेओलमध्ये भुंकला तर त्या दिवशी त्याला जेवण नाही. सून मराठी बोलणारी हवी, ही त्यांची एकच अट. एका मुलीने त्यांना 'बोंजूर' म्हटलं, तर ते आले तसे परत बस पकडायला गेले होते.

पौषात मुलगी बघत नाहीत. म्हणून आत्मारामकाका मुलगी बघायला येणार नव्हते, फक्त संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला येणार होते. अख्खं बेट ओलांडून, दोन बस बदलून, तिळगूळ घ्यायला! सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अंजनीला तर इतकं ठाऊक होतं की ती जेवेना.

"मी तोंड उघडलं की संपलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या हवेत डोळ्यांतलं पाणी आणि घाम वेगळा ओळखायला मैत्रीणच लागते.

"आजपासून फोंतेनवर क्रेओल बंद," सगुणा म्हणाली. "एक शब्द निघाला की एक डबा."

दिवाळी होऊन गेली होती. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत आम्ही अंजनीला मराठी बोलायला लावलं. पण बोलणार कशावर? आमच्याकडे होते दोनच विषय, हवा आणि घरकाम. अंजनी त्या दोन विषयांत अशी तयार झाली की काय सांगू. देवाधर्मावर तिला एक ओळ बोलता आली नसती, पण मीठ पाघळण्यावर कीर्तन केलं असतं. पहिल्या काही दिवसांत बिचारीने एवढे डबे उचलले की आम्हा दोघींची मान सरळ झाली. मग डबे कमी झाले, मग थांबलेच. आम्ही जांभळीखाली बसून कौतुकाने ऐकायचो. शब्द आमचेच, पण तिच्या तोंडून नवे कोरे वाटायचे, तिनेच शिवून आणल्यासारखे.

आणि आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही की आम्ही डोळा मारत होतो. ती नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी लाडू करायला बसलो. तीळ दुकानातून आणले. गूळ काही मिळाला नाही. चहूकडे ऊस, आणि गुळाच्या नावाने शंख! मळीची तांबडी साखर घेतली आणि पाक केला. पाक बसेना. या हवेत पाक बसत नाही, तो पसरतो. बायजाकाकू गोधडी पांघरून देखरेखीला आल्या होत्या.

"थंडीत पाक लगेच बसतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातांत ऊब जास्त हाय, म्हणून बिघडतो."

आम्ही हात पाण्यात बुडवून लाडू वळले. ताटात ठेवला की लाडू आधी बसायचा, मग मांडी घालायचा, मग आडवा व्हायचा. सकाळी पाहिलं तर सगळे लाडू एकमेकांच्या गळ्यात पडून एक झालेले. ताटभर एकच लाडू. सगुणाने सुरीने त्याच्या वड्या पाडल्या आणि म्हणाली, "आमच्याकडे अशाच करतात, असं सांगायचं."

दुपारी अंजनीच्या घरी पाहुणे आले. त्या दिवशीच्या उकाड्याचं वर्णन मी करणार नाही, कारण मी अतिशयोक्ती करते असं लोक म्हणतात. एवढंच सांगते की आमच्या सावल्या आमच्याबरोबर उन्हात यायला तयार नव्हत्या, ओसरीखाली बसून राहिल्या होत्या. मी आणि सगुणा स्वयंपाकाच्या खोपटात दाराआड. दाराच्या फटीला माझा डोळा, माझ्या डोक्यावर सगुणाची हनुवटी. ओसरीवर चटईवर आत्मारामकाका, पांढरी टोपी, घामाने कपाळाला चिकटलेली. बाजूला नारायण, आपले गुडघे मोजत. आणि कोपऱ्यात खुर्चीवर काकांची आई, म्हणजे नारायणची आजी, सुपारीएवढी लहान म्हातारी, अंगावर राखाडी लोकरीची शाल. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. मला वाटलं, म्हातारीला ताप असेल.

अंजनीने वड्यांचं ताट ठेवलं, नमस्कार केला.

"काय मुली," काका म्हणाले, "घरी कामं काय काय करतेस?"

आणि अंजनी बोलली. देवाशप्पत, मी तशी मराठी पुन्हा ऐकली नाही. पहाटे उठून अंगण झाडते, सडा घालते, गाईला गवत कापते. गवत ओलं असलं तर आधी पसरते, नाहीतर गाईचं पोट फुगतं. मसाला वाटते, धणे आधी, हळद मागून. कपडे घासते तेव्हा कॉलर आधी, कारण घाम तिथे राहायला येतो. काड्यापेटी तांदळात ठेवते. इस्त्रीतला कोळसा फुंकताना पदर तोंडाला लावते, नाहीतर राख पांढऱ्यावर बसते. एकही शब्द इकडचा तिकडचा नाही. काकांची मान हळूहळू हलायला लागली. नारायणने गुडघे मोजायचे सोडून वर पाहिलं. सगुणाची हनुवटी माझ्या डोक्यात रुतली. जिंकलो होतो.

काकांनी खिशातून रुमाल काढला, पिळला आणि सहज विचारलं, "आणि इकडे उत्तरेला हवा कशी असते?"

"थंडी फार, काका," अंजनी म्हणाली.

काकांचा रुमाल गालावरच थांबला.

"आज तर सकाळपासून थंडीने नुसतं पाणी गळतंय अंगातून. रात्री एवढी थंडी, दार सताड उघडं टाकून जमिनीवर निजलो. थंडीने मीठ पाघळलं. आणि वड्यांचं म्हणाल तर लाडूच होते, थंडीने वितळले."

सगुणा माझ्या कानात म्हणाली, "मेलो." एवढंच. मी देवाला म्हटलं, आता एक वादळ पाठव, छप्पर उडव, ही ओसरी उचलून समुद्रात टाक. काकांच्या मिशीची दोन्ही टोकं वर गेली. नारायणने डोळे मिटले. अंजनी मात्र हात जुळवून उभी, तिचा चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ.

"थंडी?" काका म्हणाले. "मुली, थंडी म्हणजे..."

"ऐक!" कोपऱ्यातून आवाज आला. एवढ्याशा म्हातारीत एवढा आवाज कुठे मावला होता कोण जाणे. "ऐक आत्माराम, ऐक! पौष हाय का नाय आज?"

"आहे, आये, पण..."

"पौषात थंडी असते का नाय? माझ्या आयेने सांगितलं का नाय? तुला बाराखडी आली तशी तू मला चुकीची ठरवलीस. म्हणे, आये, शाल काढ, आये, लोक हसतात. बैठकीतल्या पोरांसमोर मला गप्प केलंस. माझी पौषाची थंडी तू पुसून टाकलीस. आणि ही परक्या गावची पोर, बघ, बरोबर बोलते!"

"आये, ती पोर घामाने निथळतेय..."

"थंडी ज्याला कळते त्याला घाम पण थंडीचाच येतो," म्हातारी म्हणाली आणि उठली. काठी न घेता उठली, सगुणा साक्षीला आहे. अंजनीपाशी आली आणि आपली शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली, गळ्याशी नीट आवळली. "माझ्या घरात चल तू. मला बोलायला माणूस नाय."

काकांनी आईकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं. त्यांचं सगळं व्याकरण त्यांच्या मिशीत लटकत होतं. मग त्यांनी ताटातली एक वडी उचलली आणि तोंडात टाकली. ती वडी जाड्या पाकाची होती, दातांना चिकटली, आणि त्यांना बराच वेळ काही बोलताच आलं नाही. आमच्याकडे हाच होकार धरतात.

त्या भट्टीत अंजनी लोकरीच्या शालीत गुंडाळून उभी होती. लाल झालेली, निथळणारी. आणि नारायणकडे बघून ती अशी हसली की आयो, त्या हसण्यापुढे ऊन फिकं पडलं. यात एक अक्षर जास्तीचं नाही.

पाहुणे गेल्यावर हे सगळं मी बायजाकाकूंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. गोधडी सावरून त्या म्हणाल्या, "रोझ बेलला पण पौषच असणार. दुसरं काय असेल?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. साठचं दशक सरत आलंय, फोंतेन तिथेच आहे, पण नळ घराघरांत आलेत. तोटी अंगणात, माणूस ओसरीवर, आणि मध्ये कुणी नाही. पाणी सोयीचं झालं, बोलणं लांब गेलं. बायजाकाकू गेल्या. रोझ बेलच्या आजीही गेल्या, शेवटपर्यंत नातसुनेच्या हातून शाल पांघरून घेत. पण त्या घरातली पोरं अजून जानेवारीत वह्यांनी वारा घेत 'काय थंडी पडली' म्हणतात, आणि आत्मारामकाका, मराठी शिकवणारे आत्मारामकाका, तोंडातून चकार शब्द काढत नाहीत.

मी ही गोष्ट लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, एकदा बसमध्ये सांगितली तर आमचा थांबा मागे गेला. 'उकाड्याला थंडी म्हणणारी भोळी अंजनी' म्हटलं की पेती राफ्रेत अजून लोक खुर्ची पुढे ओढतात.

यंदा संक्रांतीला अंजनी माहेरी आली. आम्ही तिघी माझ्या ओसरीवर बसलो, सगुणा सुपारी कातरत, अंजनी माझ्या पोलक्याच्या कापडावर धावदोरा घालत. शेजारच्या नव्या सुनेने गोष्ट ऐकली नव्हती, म्हणून मी सुरू केली. 'थंडी फार, काका' इथपर्यंत आले, आणि सून पोट धरून हसायला लागली.

"खरंच तुम्हाला शब्द माहीत नव्हता, काकू?" तिने अंजनीला विचारलं.

अंजनीने दोरा दाताने तोडला. "कुठला शब्द गो? उकडतंय? तो तर मला पहिल्याच आठवड्यात कळला होता. ही बया दर दिवशी तो बोलून डबा उचलायची." ही बया म्हणजे मी.

"मग?" सगुणाचा अडकित्ता थांबला.

"मग काय? काका घाम पुसत होते आणि म्हातारी शाल घट्ट धरून बसली होती. पोराची हिंमत नव्हती ती काढायची. मी म्हटलं, या घरात हवा कुणाची चालते ते दिसतंय." तिने सुईत नवा दोरा ओवला, पहिल्याच खेपेत. "आणि एकटी बसली होती बिचारी शालीत. कुणीतरी तिच्या बाजूने साक्ष द्यायला नको?"

इतकी वर्षं मी सांगत आले ती माझी गोष्ट माझ्याच ओसरीवर उठली आणि तिच्या मांडीवर जाऊन बसली. सगुणा माझ्याकडे बघत होती. मी पदराने तोंड पुसलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आयो, काय उकडतंय गो आज!"

दोघींनी एकदम अंगणातल्या तोटीखालच्या डब्याकडे बोट केलं.

मी उठले. डबा काठोकाठ भरून घेतला, डोक्यावर ठेवला, आणि वाटेने चालत अंजनीच्या माहेरच्या दारापर्यंत पोचवला.